नावं खोडून मिळणार नाहीत

परंड्याच्या पेठेत सिद्रामप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. तसं ते अजून आहे, पण शटर अर्धं ओढलेलं असतं. आत शिरलं की गल्ल्याच्या वर पत्र्याची एक पाटी दिसते : 'नावे घालून मिळतील. खोडून मिळणार नाहीत.' ती पाटी मी रंगवून दिलेली आहे. मी इथल्या शाळेत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. चित्रकलेच्या मास्तरला गाव पाट्या, स्नेहसंमेलनाचा पडदा आणि मयताच्या फोटोवरून काढायचं मोठं चित्र, एवढ्याच कामासाठी ओळखतं, तेव्हा पाटीचं काम माझ्याकडं येणार हे ठरलेलंच होतं.

पाटी का लावावी लागली ते आधी सांगतो. एका लग्नात भेट आलेली भांडी लोक पुढच्या लग्नात भेट देतात, यात गुपित काही नाही. अडचण एवढीच की पातेल्यावर आधीच्या देणाऱ्याचं नाव घातलेलं असतं. मग लोक सिद्रामप्पांकडं यायचे आणि म्हणायचे, अप्पा, एवढं घासून काढा अन् आमचं घाला. सिद्रामप्पा चष्म्यावरून बघायचे आणि पातेलं परत सरकवायचे.

"ज्यानं दिलं त्याचं नाव हाय ते. म्या घातलेलं नाव म्या खोडत न्हाय. खोडायचं आसंल तर दुसरं दुकान बघा."

लोक दुसरं दुकान बघायचे आणि नवी भांडीही तिथूनच घ्यायचे. सिद्रामप्पांना धंदा कळत नाही असं पेठेतले सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

त्यांची एकुलती एक लेक शिवरंजनी. लहानपणी शाळा सुटली की दुकानात बापाशेजारी बसायची. बाप छोट्या छिन्नीनं ठिपक्याला ठिपका लावत अक्षर काढायचा आणि ही मान न हलवता बघायची. तिच्या बारशाला सिद्रामप्पांनी पितळेच्या एका लोट्यावर 'शिवरंजनी' असं नाव घातलं होतं, खाली बेलाचं पान. परंड्यात त्याहून सुबक अक्षर मी पाहिलं नाही, आणि मी अक्षरांच्या बाबतीत सहज कुणाला चांगलं म्हणणारा माणूस नाही.

पाचवीत ती माझ्या वर्गात आली. हात बापाचा होता. चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षांत तिला वरची श्रेणी मिळाली. तालुक्यात तेव्हा अशा दोनच मुली होत्या, आणि दुसरीचं चित्र तिच्या मामानं काढलं होतं असा मला आजही संशय आहे. माझ्या वर्गात एक नियम होता. मुलं शेजाऱ्याला सांगायची, माझं एवढं नाक चुकलंय, खोडून दे. ते मला खपायचं नाही. मी ओरडायचो, "आपलं चित्र खोडायची वेळ आली तर रबर दुसऱ्याच्या हातात देऊ नका. स्वतः खोडा." मास्तर बत्तीस वर्षांत काय काय बोलतो, त्याला स्वतःला आठवत नाही. पोरं मात्र नको ते ध्यानात ठेवतात.

शिवरंजनी पुण्याला गेली, कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकली आणि एका कंपनीत लागली. कंपनी परदेशातल्या व्हिडिओ गेमची कामं घ्यायची. पहिल्या दिवाळीला ती घरी आली तेव्हा मी विचारलं, "काय काम असतं गं तुझं?"

ती हसली. "खोडायचं, सर."

मला वाटलं चेष्टा करतेय. मग तिनं समजावून सांगितलं. एका देशात केलेला गेम दुसऱ्या देशात विकायला न्यायचा म्हणजे तो जसाच्या तसा नेता येत नाही. कुठं रक्त लाल दाखवलेलं चालत नाही, म्हणून ते हिरवं करायचं. कुठं हाडं आणि सांगाडे चालत नाहीत, मग सांगाड्यावर मांस चढवायचं. एका देशात चार बोटांचं कार्टून दाखवलं तर लोकांना बोट कापून घेणारे गुंड आठवतात, म्हणून त्याला पाचवं बोट लावायचं. कुठं दारूच्या पेल्यात दूध ओतायचं, कुठं बाईच्या अंगावर पदर ओढायचा, कुठं जुगाराचं यंत्र काढून तिथं फुलदाणी ठेवायची. नकाशातल्या सरहद्दी तर ज्या देशात गेम जाईल त्या देशाच्या मर्जीप्रमाणं सरकवायच्या. प्रत्येक देशाचं एक मंडळ असतं, ते गेम बघून वयाचा शिक्का मारतं. बारा वर्षांचा शिक्का अठराचा झाला की अर्धं गिऱ्हाईक गेलं.

"म्हणजे लोकांच्या भावना दुखावतात म्हणून?" मी विचारलं.

"तसं लिहितात, सर. खरं म्हणजे विक्री दुखावते म्हणून."

सिद्रामप्पा गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होते. त्या वर्षी तिनं आपल्याच देशासाठी एक काम केलं होतं. परदेशी गेममध्ये शिकारी एका गाईसारख्या जनावराला मारतो, आणि भारतात ते चालणार नाही, म्हणून हिनं त्याला काळा रंग दिला, शिंगं वाकवली आणि रेडा केला.

"रेड्याला जीव नसतोय व्हय?" सिद्रामप्पा म्हणाले.

"अप्पा, कंपनी सांगती तसं करायचं."

"कर की माय. पर घरी आल्यावर हात धूत जा."

ते हसत म्हणाले, आम्हीही हसलो. लेक खोडण्यावर पोट भरते आणि बाप खोडणार नाही म्हणून गिऱ्हाईक घालवतो, ही गंमत मी पेठेत चार जणांना सांगितलीसुद्धा. आता आठवलं की माझीच जीभ मला चावावीशी वाटते.

लॉकडाऊनमध्ये कंपनीचं ऑफिस बंद झालं, काम घरून सुरू झालं आणि शिवरंजनी कॉम्प्युटर बांधून परंड्याला आली. दुकानावरच्या माडीत तिनं टेबल मांडलं. खाली बाप, वर लेक, आणि मधल्या जिन्यातून चहा घेऊन चढ-उतार करणारी तिची आई शिवकांताबाई. वर्षभर ते घर सुखात होतं. दुसऱ्या लाटेत सिद्रामप्पांना ताप आला. सोलापूरला एका दवाखान्यात नेलं. तिथं छातीचा एक्स-रे काढायचा म्हणून नर्सनं सांगितलं, गळ्यातलं काढा. गळ्यात इष्टलिंग होतं, चांदीच्या डबीत, दोऱ्यात. लिंगायत माणूस ते जिवंतपणी अंगावरून उतरवत नाही, आणि मेल्यावर ते त्याच्याबरोबरच जातं. सिद्रामप्पांना बोलायचं बळ नव्हतं, त्यांनी नुसता हात डबीवर धरला. शिवरंजनीनं तो हात बाजूला केला आणि दोरा सोडला. "आत्ता परत घालते, अप्पा," म्हणाली.

परत घालायला मिळालं नाही. त्यांना आत नेलं आणि पाचव्या दिवशी कळवलं की गेले.

सिद्रामप्पांच्या समाजात माणसाला जाळत नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात, नवी वस्त्रं नेसवतात, विमान म्हणतात अशा सजवलेल्या मखरातून भजन म्हणत नेतात. खड्ड्यातही तो बसलेलाच असतो. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात, विभूती आणि बेलपत्रानं अंग झाकतात आणि मग माती. मेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. सिद्रामप्पांना काळ्या प्लॅस्टिकमध्ये आडवं गुंडाळून भट्टीत घातलं. त्या दिवसांत नियमच तसा होता, कुणाला दोष द्यायचा? घरच्यांना मडकं मिळालं, त्यावर खडूनं लिहिलेला आकडा. नाव नव्हतं. जन्मभर लोकांची नावं घालणाऱ्या माणसाच्या मडक्यावर नाव नव्हतं, याचा मला जो संताप आला तो आजही उतरलेला नाही.

शिवकांताबाई रडल्या नाहीत. त्यांनी ते इष्टलिंग देवघरात ठेवलं. जंगम स्वामी म्हणाले की नदीत सोडा. त्या म्हणाल्या, "त्येंच्या हातात जायचं व्हतं ते. नदीच्या हातात कशाला देऊ?" मग त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही.

दीड वर्षानं कंपनीला एक मोठं काम मिळालं. परदेशातली एक कंपनी असा गेम करत होती की एक वाटसरू देशोदेशीच्या गावांतून जातो, तिथं राहतो आणि तिथल्या माणसांकडून काहीतरी घेऊन पुढं निघतो. दख्खनचं गाव पुण्याकडं आलं, आणि पुण्याचा मॅनेजर रणधीर यानं ते शिवरंजनीला दिलं. सात वर्षांत पहिल्यांदा तिला खोडायला नव्हे, काढायला सांगितलं होतं.

तिनं परंडा काढलं. किल्ल्याचा दरवाजा, कुर्डुवाडीकडं जाणारा रस्ता, पेठ, आणि पेठेत भांड्यांचं दुकान. दुकानात सिद्रामप्पा. चष्म्यावरून बघणारे, गळ्यात चांदीची डबी, डोक्यावर माझी पाटी, अक्षरसुद्धा माझंच. वाटसरू रिकामा लोटा घेऊन येतो आणि म्हातारा त्यावर त्याचं नाव घालून देतो. वाटसरू गावात हिंडतो, कामं करतो, आणि परत दुकानाशी येतो तेव्हा म्हातारा गेलेला असतो. गाव त्याला विमानात बसवून नेतं. शेवटी खड्ड्यात ते मांडी घालून बसलेत आणि खेळणाऱ्यानं बटण दाबून एकच काम करायचं आहे, त्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं.

यासाठी ती माझ्याकडं आली. तिनं अशी समाधी लहानपणी लांबूनच पाहिलेली. मी पेठेतल्या पाच-सहा जणांना पोचवायला गेलेला, म्हणून मी पेन्सिलीनं काढून दिलं. पाठ ताठ, मान किंचित डावीकडं, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. घरातल्या इष्टलिंगाचे तिनं चारी बाजूंनी फोटो घेतले आणि त्यावरून तेच लिंग आत घडवलं. महिनाभर त्या एका तळहातावर ती काम करत होती. अंगठ्याला छिन्नीचा घट्टा होता, तोही काढला.

झाल्यावर तिनं आईला माडीवर बोलावलं. शिवकांताबाईंनी बटण दाबलं. लिंग तळहातावर बसलं. त्या तशाच उठल्या. मग खाली गेल्या आणि विभूती घेऊन वर आल्या. पडद्याच्या काचेवर तीन बोटं ओढली, बेलाचं पान टेकवलं आणि म्हणाल्या, "बसले बाई एकदाचे."

त्या दिवसापासून रोज सकाळची पूजा झाली की त्या जिना चढायच्या. शिवरंजनी तो प्रसंग उघडून ठेवायची. गेममध्ये सकाळ-दुपार बदलते, तिनं आईसाठी सकाळच लावून ठेवलेली असायची. बाई बटण दाबायच्या, विभूती लावायच्या, दोन शब्द बोलायच्या. तेल महागलंय. जावेच्या नातवाला दात आले. मग लेक काच पुसायची आणि कामाला बसायची, पण काचेच्या कोपऱ्यात पांढुरकं राहायचंच. गावात कुणी म्हणालं की म्हातारी भ्रमिष्ट झालीय, कॉम्प्युटरची पूजा करते. मी त्याला तिथंच झापला. देवळातला दगड हा दगड आहे हे कुणाला कळत नाही? बाईला सगळं कळत होतं. तिला नवऱ्याला बसवायचं होतं, आणि लेकीनं बसवून दिलं होतं.

रणधीरनं ते परदेशात दाखवलं. तिथले लोक म्हणे डोळे पुसत उठले. मला ही गोष्ट फार छळते. एखादा दुष्ट माणूस असता तर त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. सगळ्यांना आवडलं, आणि मग यादी आली.

यादी म्हणजे कोणत्या देशात काय बदलायचं ते. शिवरंजनीनं अशा शेकडो याद्या पाहिलेल्या होत्या. एका देशाच्या मंडळानं लिहिलं की अर्धे डोळे उघडे असलेला माणूस खड्ड्यात बसलाय, म्हणजे जिवंत पुरल्यासारखं दिसतं, अठराचा शिक्का मारावा लागेल. आडवा झोपवा. दुसऱ्यानं लिहिलं की धर्माची खूण हातात देऊ नका, गळ्यातही नको. तिसऱ्या देशात मेलेला माणूस दाखवायचाच नाही, खड्डा बुजवून वर झाड लावा. म्हाताऱ्याच्या दुकानावरची पाटी पुसा, कारण ती अकरा भाषांत कोण लिहिणार?

रणधीरनं फोन केला. चांगला पोरगा आहे तो. म्हणाला, "ताई, हे तुमच्या वडिलांचं आहे ते माहितीये मला. तुम्हाला त्रास नको. मी दुसऱ्या कुणाकडून करून घेतो. आणि भारतातला गेम जसाच्या तसा राहील, माझा शब्द."

त्याच दिवशी दुपारी ती माझ्याकडं आली आणि हे सगळं सांगितलं. मी म्हणालो, "मग दे की त्याला. तुला कशाला जिवाला घोर?"

ती म्हणाली, "रबर दुसऱ्याच्या हातात द्यायचं न्हाय, सर. तुम्हीच शिकवलंय."

मी हसलो, अभिमानानं हसलो. बावळटासारखा.

तिनं स्वतः केलं. आधी तळहातावरचं लिंग काढलं. मग त्यांना आडवं केलं. मग त्यांनाच काढलं, खड्डा बुजवला आणि लिंबाचं रोप लावलं. भारत सोडून बाकी सगळ्या देशांना चालेल असं एकच करा, वेगवेगळं ठेवायला परवडत नाही, असं वरून सांगितलेलं. तिनं दोन आठवडे ते काम केलं, आणि रोज सकाळी आईसाठी जुनी फाइल उघडून दिली. भारतातला गेम शाबूत आहे एवढ्यावर ती तगली होती.

यादीचं शेवटचं पान उशिरा आलं. त्यावर भारताचं नाव होतं. कंपनीच्या यादीत आपला देशही परदेशच होता, हे इतकी वर्षं काम करून तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्याही कुणाच्या आलं नसतं. आपण घरचे, अशी आपली समजूत. कुणी वकील नेमलेला होता, त्यानं लिहिलं होतं की एका विशिष्ट समाजाचं धार्मिक चिन्ह खेळात हाताळायला दिलं तर तक्रार होऊ शकते. आणि पुढं लिहिलं होतं की या देशात बहुतेक लोक प्रेत जाळतात, त्यामुळं बसवलेला मृतदेह प्रेक्षकांना परका वाटेल.

परका! परंड्याच्या पेठेतला माणूस परंड्याच्या पेठेत परका वाटेल.

रणधीरनं शब्द दिला होता तो त्याच्या हातातला नव्हताच. तो फोनवर रडला म्हणे. त्याच्या रडण्याचं काय लोणचं घालायचं?

हे शेवटचं पान तिनं तेव्हा मला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. काम संपलं आणि कंपनीनं जुन्या फाइली काढून घेतल्या. सकाळी शिवकांताबाई वर आल्या तर पडदा काळा. "दुरुस्तीला गेलंय, अव्वा," लेक म्हणाली. बाई रोज विचारायच्या आणि ती रोज तेच सांगायची. काळ्या काचेवरच बाई तीन बोटं ओढून जायच्या.

आता माझं कर्तृत्व ऐका. मार्च महिन्यात मी मोबाइलवर वाचलं की तो गेम भारतात आला. मला वाटलं, पोरीला भान नसेल, आपण जाऊन कौतुक करावं. अर्धा किलो पेढे घेतले, नारळ घेतला आणि दुकानात शिरल्या शिरल्या मोठ्यानं म्हणालो, "शिवकांताबाई, चला वर! गेम आला. आता सगळं जग सिद्रामप्पांच्या हातात लिंग ठेवणार!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाईंचा चेहरा असा उजळला की मी तो विसरू शकत नाही. त्यांनी हात धुतले, विभूती घेतली, बेलाचं पान घेतलं. मला म्हणाल्या, "सर, तुमी म्होरं व्हा." आम्ही जिना चढलो. शिवरंजनीनं पेढ्यांचा पुडा पाहिला आणि मग माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

"दाखव," आई म्हणाली.

"अव्वा, नंतर."

"सर पेढे घिऊन आलेत आन् नंतर? दाखव."

तिनं गेम लावला. किल्ल्याचा दरवाजा आला, रस्ता आला, पेठ आली. बाई सरसावून बसल्या. दुकानात सिद्रामप्पा होते, चष्मा होता. गळ्यात डबीच्या जागी एक किल्ली लोंबत होती. वरच्या पाटीवर अक्षर नव्हतं, कोरा पत्रा. माझंही पुसलं गेलं होतं, पण त्या क्षणी मला त्याचं वाईट वाटायला सवड नव्हती. लोट्यावर त्यांनी नाव घातलं नाही, फूल काढलं. शिवरंजनी खेळत राहिली, कारण थांबलं तर बोलावं लागलं असतं.

शेवटी ती जागा आली. लिंबाचं रोप होतं, शेजारी पाण्याची कळशी. पडद्यावर मराठीत अक्षरं आली : 'आठवण म्हणून झाडाला पाणी घाला.'

शिवकांताबाईंनी बेलाचं पान हातात धरलेलं होतं. ते टेकवायला जागा सापडेना. "हे कुठंयत?" त्यांनी विचारलं.

"रंजे, हितं बसले व्हते. कुठं नेलं?"

"काढलं, अव्वा."

"कुणी?"

तिनं मान वर केली नाही. "म्याच."

मी मध्ये पडलो. कंपनी, मंडळं, याद्या, मला जे माहीत होतं आणि नव्हतं ते सगळं सांगू लागलो. परदेशात असं चालत नाही, असं म्हणालो. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, "परंडा परदेशात हाय व्हय, सर?"

मग त्या लेकीकडं वळल्या. आवाज चढला नव्हता. "दवाखान्यात बी तूच काढलंस त्येंच्या गळ्यातनं. त्येंनी हात धरला व्हता डबीवर, म्या दारातनं बघितलं. तवा म्या मनाला म्हणलं, नर्सनं सांगितलं, लेकरू काय करंल. आता कोण नर्स व्हती?"

"अव्वा, म्या न्हाय केलं आस्तं तर दुसऱ्यानं केलं आस्तं."

"मग करू द्यायचं व्हतं त्याला."

शिवरंजनीनं माझ्याकडं बघितलं. तो नियम माझा होता. वर्गातल्या पोरांच्या चुकलेल्या नाकासाठी केलेला नियम, आणि तिनं तो बापाच्या समाधीला लावला. मी तोंड उघडून 'माझं चुकलं' एवढं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दाखवणाऱ्याला स्वतःची कबूल करायची सवय नसते.

बाई उठून खाली गेल्या. आम्हाला वाटलं, देवघरात गेल्या असतील, रडतील, बरं होईल. थोड्या वेळानं जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. त्यांच्या एका हातात पितळेचा लोटा होता, बारशाचा. चिंचेनं नुकताच घासलेला, 'शिवरंजनी' हे नाव आणि खालचं बेलाचं पान लखलखत होतं. दुसऱ्या हातात सिद्रामप्पांची छिन्नी. दोन्ही त्यांनी लेकीच्या टेबलावर ठेवलं.

"त्येंनी कुणाचं खोडलं न्हाय, म्हणून ऱ्हायलंय हे. तुला येतंय की आता. हे बी खोड."

तेवढं बोलून त्या गेल्या. पेढ्यांचा पुडा मी परत घेऊन आलो आणि कुणाला दिला ते आठवत नाही.

शिवरंजनी अजून त्याच कंपनीत आहे. सोडून दुसरं काय करणार, हात त्याच कामाला बसलाय. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा ती कुठल्याशा देशासाठी एका म्हाताऱ्या बाईच्या कपाळावरचं गोंदण काढत होती. माझ्याशी नीट बोलते, चहा देते, 'सर' म्हणते. लोटा टेबलावर तिथंच आहे, छिन्नीही तिथंच. नाव खोडलेलं नाही. काचेच्या कोपऱ्यात विभूतीचा पांढुरका डाग आहे, तो ती पुसत नाही.

शिवकांताबाई आता जिना चढत नाहीत.